कोळ्याची गोष्ट आणि अडलेले शब्द



तुम्हांला आता वाचता येते. बसवरची पाटी तुम्ही वाचता. दुकानावरचे नाव वाचता. नातवाच्या पुस्तकातला धडाही वाचता. पण वाचता वाचता मध्येच एखादा शब्द असा येतो, की अक्षरे सगळी ओळखीची आणि शब्द मात्र अनोळखी. चाकाखाली धोंडा यावा आणि गाडी अडावी, तसे होते. मग काही जण पुस्तक मिटून ठेवतात. "हे आपल्यासाठी नव्हे," असे मनाशी म्हणतात.

तसे करू नये. अडलेला शब्द कसा सोडवावा, हे आज आपण पाहू या. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुले शिकवली. पण ही गोष्ट आम्हांला नीट कळली ती शाळेत नव्हे. ती कळली पुण्याच्या नारायण पेठेत, मोठ्या माणसांच्या रात्रीच्या वर्गात.

आमचा वर्ग

नारायण पेठ ही पुण्याची जुनी पेठ. लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा याच पेठेत आहे. पेठेच्या एका अंगाला मुठा नदी वाहते. येथल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर संध्याकाळी साडेसातला आमचा वर्ग भरे. पंधरा-वीस माणसे येत. कोणी मंडईत हमाली करणारे, कोणी रखवालदार, कोणी चार घरची धुणीभांडी उरकून येणाऱ्या बाया. बहुतेक जण खेड्यातून पोटासाठी पुण्याला आलेले.

मोठ्या माणसांना चिऊ-काऊची गोष्ट वाचायला दिली, तर त्यांना लाज वाटते. मोठ्या माणसाला मोठ्या माणसाची गोष्ट हवी. कष्टाची हवी. म्हणून आम्ही एक समुद्रावरची गोष्ट निवडली. वर्गातल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही निवडली.

ही गोष्ट अर्नेस्ट हेमिंग्वे नावाच्या अमेरिकन लेखकाने लिहिली. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९५४ साली या लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले. आपले पु. ल. देशपांडे यांनी ती गोष्ट मराठीत आणली. १९६५ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याचे नाव 'एका कोळियाने'.

आम्ही ते सबंध पुस्तक वर्गात वाचले नाही. नव्याने वाचणाऱ्याला ते जड गेले असते. आम्ही ती गोष्ट आमच्या सोप्या शब्दांत मांडली. रोज आठ-दहा ओळी फळ्यावर लिहायच्या आणि सगळ्यांनी मिळून वाचायच्या, असा क्रम ठेवला.

गोष्ट अशी

क्युबा नावाचे एक बेट आहे. तेथे सान्तियागो नावाचा एक म्हातारा कोळी राहतो. तो एकटाच होडी घेऊन समुद्रात जातो. पण नशीब फिरलेले. ८४ दिवस झाले, त्याला एकही मोठा मासा मिळालेला नाही. पहिले ४० दिवस मानोलिन नावाचा एक मुलगा त्याच्याबरोबर जात असे. मग मुलाच्या आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवले. तरी मुलाचा जीव म्हाताऱ्यावर. तो त्याला खायला आणून देई आणि सामान उचलू लागे.

८५ व्या दिवशी म्हातारा पहाटे निघतो आणि फार लांब जातो. दुपारी एक प्रचंड मासा त्याच्या गळाला लागतो. मासा इतका बळकट, की तोच होडीला ओढीत नेतो. एक रात्र जाते, दुसरी रात्र जाते. म्हाताऱ्याचे हात दोराने कापतात. डाव्या हाताला गोळा येतो. कच्चा मासा खाऊन तो तग धरतो, पण दोर सोडत नाही. तिसऱ्या दिवशी तो मासा मारतो. मासा १८ फूट लांब. होडीपेक्षा दोन फूट जास्त! होडीत मावेना, म्हणून म्हातारा तो होडीच्या बाजूला बांधतो.

पण रक्ताच्या वासाने शार्क मासे येतात. शार्क म्हणजे मोठ्या दातांचे शिकारी मासे. म्हातारा भाल्याने लढतो. भाला जातो. मग सुरीने लढतो. सुरी मोडते. मग सोट्याने लढतो. किनाऱ्याला येईपर्यंत माशाचे डोके, शेपूट आणि सांगाडा एवढेच उरते.

ही गोष्ट संपायला आम्हांला दोन महिने लागले. एवढ्या काळात माणसांची चांगली गट्टी जमली. पण आरंभी एक प्रसंग असा झाला, की वर्गच मोडतो की काय, असे वाटले.

नांगर

तिसरा-चौथा दिवस असेल. आम्ही फळ्यावर ओळ लिहिली: "बंदरात होड्या नांगर टाकून उभ्या होत्या."

वर्गात एक गृहस्थ होते. वय पन्नाशीच्या पुढे. मावळातले शेतकरी, आता पुण्यात रखवालदार. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून येथेही मामाच म्हणू. त्यांनी ती ओळ नीट वाचली. आम्ही विचारले, "मामा, नांगर म्हणजे काय?"

मामा म्हणाले, "नांगर म्हंजी नांगर. बेटावर शेत आसंल कुनाचं तरी. होडीतनं नेत आसतील."

सगळा वर्ग हसला. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. तेथे आमचे चुकले. मामांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत.

पाचव्या दिवशी आम्ही त्यांना शोधीत गेलो. ते एका इमारतीच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते. आम्ही म्हणालो, "मामा, चुकलं आमचं. वर्गाला चला."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुर्जी, शब्दानं एकदा माझं घर धुतलं. आता परत शब्दापायी हसू झालं. कशाला शिकायचं या वयात?"

मग त्यांनी सगळे सांगितले. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने कर्ज काढले होते. कागदावर मामांचा अंगठा हवा होता. कागद वाचून दाखवला, तेव्हा त्यात 'जामीन' हा शब्द आला. मामांना जामीन ठाऊक होता तो कोर्टातला. अटक झालेला माणूस जामिनावर सुटतो, तो जामीन. त्यांनी मनाशी अंदाज केला, "येथे तर कोणाला अटक नाही. मग हा शब्द नावापुरता असेल." त्यांनी अंगठा दिला. नातेवाइकाने कर्ज बुडवले. वसुली मामांकडे आली. बैलजोडी विकावी लागली. ती विकली, आणि मामा पुण्याला आले.

"बैलं गेली तवाच ठरिवलं, वाचाया शिकायचं," मामा म्हणाले. "आन् तुम्ही तर शिकवताय, शब्द आडला की अंदाज करा. अंदाजानंच तर बुडालो."

आम्ही गप्प राहिलो. मामांचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर आम्ही पुढे देणार आहोत. आधी नांगराचे काय झाले ते सांगतो.

मामा खरे ठरले

दुसऱ्या दिवशी मामा आले. वर्गात एक बाई होत्या. त्यांचे माहेर श्रीवर्धनकडे, कोळीवाड्यात. लग्न होऊन पुण्यात आलेल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशींनी खडू घेतला आणि फळ्यावर एक चित्र काढले. मधे लोखंडी दांडा, खाली दोन्हीकडे वळलेली अणकुचीदार टोके, वर दोर.

मावशी म्हणाल्या, "मामा, माझ्या बापाच्या होडीवर हा होता. होडी उभी करायची झाली की हा पाण्यात सोडायचा. ही टोकं तळच्या वाळूत, चिखलात रुततात. दोर ताणला की आणखी रुततात. मग होडी हलत नाही. आम्हीपण याला नांगरच म्हणतो."

मामा चित्राकडे पाहत राहिले. म्हणाले, "हा तर फाळ झाला. फाळबी आसाच भुईत घुसतो. मंग म्या काय येगळं सांगितलं?"

या वेळी कोणी हसले नाही. मामा बरोबर होते. शेतातला नांगर भुईत रुततो, होडीचा नांगर समुद्राच्या तळात रुततो. दोघांचे नाव एक. फरक एवढाच, की शेतातला नांगर पुढे ओढायचा असतो आणि होडीचा नांगर जागच्या जागी धरून ठेवतो.

यातून पहिला धडा निघाला. अडलेला शब्द पुष्कळदा परका नसतो. तो आपल्याच गावचा असतो. दुसऱ्या कामाला गेलेला असतो, म्हणून आपण ओळखत नाही.

आणखी असे शब्द पाहा.

कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा. कोळी म्हणजे मासे धरणारा माणूसही. दोघेही जाळ्यावर जगतात.

गळ म्हणजे मासा धरायचा आकडा. पण "त्याने मला गळ घातली," असे आपण म्हणतो, तेव्हा अर्थ होतो, त्याने मला फार आग्रह केला. म्हणजे आकड्यात अडकवल्यासारखा सोडलाच नाही.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता होणारी लांबी, साधारण सहा फूट. विहिरीचा दोर मामा वावांनीच मोजत. गोष्टीतला मासा शंभर वाव खोल पाण्यात गळाला लागतो. म्हणजे सुमारे ६०० फूट! मामांनी लगेच हिशेब केला आणि म्हणाले, "आवो, येवढी खोल हीर कुनी खंदली न्हाई आमच्याकडं." पण "या कामात सुधारणेला वाव आहे," असे वाक्य आले, तर तेथे वाव म्हणजे जागा, मोकळीक.

नाळ म्हणजे होडीचा पुढचा निमुळता भाग. आणि बाळाची नाळ तर सर्वांना ठाऊक आहे.

शब्द एक, अर्थ दोन. मग कोणता अर्थ घ्यावा? ते शेजारचे शब्द सांगतात. बैल, पेरणी, ढेकूळ हे शब्द जवळ असले, तर नांगर शेतातला. होडी, बंदर, दोर हे शब्द जवळ असले, तर नांगर पाण्यातला. माणसाची ओळख जशी त्याच्या सोबत्यांवरून पटते, तशी शब्दाची ओळख शेजारच्या शब्दांवरून पटते.

शेजारच्या शब्दांना विचारा

काही शब्द मात्र खरोखरच नवे असतात. त्यांचे काय करावे? आम्ही एके दिवशी ही ओळ लिहिली: "वारा पडला, तेव्हा म्हाताऱ्याने शीड उतरवले आणि वल्ही हातात घेतली."

शीड कोणाला ठाऊक नव्हते. वल्हे दोघांनाच ठाऊक होते. आम्ही म्हणालो, "अर्थ सांगू नका. प्रश्न विचारू या."

शीड केव्हा उतरवले? वारा पडला तेव्हा. म्हणजे शिडाचे काम वाऱ्याशी आहे. वारा नसेल, तर त्याचा उपयोग नाही.

वल्ही कोठे घेतली? हातात. केव्हा? शीड निरुपयोगी झाल्यावर. म्हणजे वाऱ्याने होडी चालेना, तेव्हा हाताने चालवायची ती वस्तू.

एका हमालाने सांगितले, "शीड म्हणजे वारा धरायचं कापड असंल." अगदी बरोबर! गोष्टीतल्या म्हाताऱ्याच्या शिडाला पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावलेली आहेत. पोत्याचे नाव निघताच हमालाचा चेहरा खुलला. पोत्याची ठिगळे त्याच्या रोजच्या पाहण्यातली.

सुकाणू हा शब्दही असाच सुटला. "म्हाताऱ्याने सुकाणू वळवले आणि होडी घराकडे फिरली." काय वळवल्यावर होडी फिरली? सुकाणू. म्हणजे होडीला दिशा देणारी वस्तू. आता वर्तमानपत्रात "गावाच्या कारभाराचे सुकाणू महिलेच्या हाती" असे आले, तर तुम्ही अडणार नाही. गाव काही होडी नव्हे, पण दिशा त्यालाही लागते.

अंदाज चुकतो तेव्हा

अंदाज नेहमीच बरोबर येतो, असे मात्र नाही. आम्ही लिहिले, "पहाटे मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर पडल्या." एकाने सांगितले, "मतलई म्हंजे मतलबी. आपमतलबी वारा." शब्द कानाला तसा लागतो खरा. पण अर्थ तो नव्हे.

मावशींनी समजावले. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई वारा. पहाटे त्याच्यावर शिडाच्या होड्या बाहेर काढणे सोपे जाते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो, तो खारा वारा. त्याच्यावर होड्या परत येतात.

असे का होते? जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. दिवसा जमीन जास्त तापते. तिच्यावरची हवा तापून वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिच्या जागी येते. रात्री उलट होते. जमीन आधी निवते. समुद्र त्या मानाने उबदार राहतो. म्हणून हवा जमिनीकडून समुद्राकडे जाते.

भरती या शब्दाचेही असेच झाले. एकाने अंदाज केला, भरती म्हणजे पूर. त्याचे चूक नव्हते. पुण्याच्या माणसाला नदीचा पूर ठाऊक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नारायण पेठेसह पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. जुनी माणसे पुराचे नाव काढले की तो दिवस सांगत. पण पूर पावसाने येतो, नाही तर धरणाच्या पाण्याने येतो. त्याचा नेम नसतो. समुद्राची भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, आणि त्यात चंद्राची ओढ मोठी. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन वेळा पाणी चढते, ती भरती. दोन वेळा उतरते, ती ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढते, त्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. "लग्नघरी आनंदाला उधाण आले," असे आपण म्हणतो, ते यावरूनच.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. अंदाज करावा की करू नये?

मतलई वाऱ्याचा अंदाज चुकला, तेव्हा कोणाचे काय गेले? काही नाही. गोष्ट पुढे चालली आणि चूक दुसऱ्या ओळीत सुधारली. पण मामांचा 'जामीन' या शब्दाचा अंदाज चुकला, तेव्हा बैलजोडी गेली.

म्हणून आम्ही त्या रात्री फळ्यावर दोन ओळी मोठ्या अक्षरांत लिहिल्या:

गोष्ट वाचताना शब्द अडला, तर अंदाज करा आणि पुढे चला.

सही करायच्या कागदात शब्द अडला, तर अंदाज करू नका. थांबा आणि विचारा.

हा दुसरा धडा. आणि तो आम्हांला मामांनी शिकवला.

जामीन या शब्दाचा कागदातला अर्थ आता नीट समजून घ्या. दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेणारा तो जामीनदार. कर्ज घेणाऱ्याने पैसे फेडले नाहीत, तर ते जामीनदाराकडून वसूल करता येतात. १८७२ च्या करार कायद्यात तसे सांगितले आहे. साक्षीदार वेगळा. "माझ्यासमोर सही झाली," एवढेच तो सांगतो. त्यावर कर्जाचा बोजा येत नाही. म्हणून सही करताना आपल्या नावाखाली काय छापले आहे ते पाहा. 'साक्षीदार' आहे की 'जामीनदार'? दोन शब्दांत एका बैलजोडीचा फरक आहे.

तारण हाही असाच शब्द. तरणे म्हणजे पाण्यावर राहणे, पार जाणे. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणे. पण कर्जाच्या कागदात तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी बांधून दिलेली जमीन, दागिना किंवा घर. येथे तारण तुम्हांला तारीत नाही. ते कर्ज देणाऱ्याच्या पैशाला तारते. कर्ज थकले, तर त्या वस्तूवरून वसुली होते.

"हा शब्द मला समजला नाही. याचा अर्थ सांगा. कागदाची एक प्रत द्या. उद्या वाचून सही करतो." असे म्हणण्यात लाज नाही. वकीलसुद्धा सही करण्याआधी कागद दोनदा वाचतो.

समुद्र आपल्या तोंडात आहे

तुम्ही म्हणाल, आम्ही डोंगरातली, देशावरची माणसे. समुद्राच्या शब्दांशी आमचे काय काम? पण पाहा, समुद्र आपल्या बोलण्यात किती भरलेला आहे.

"तो आयताच जाळ्यात सापडला." "तिच्या मनाचा थांग लागत नाही." थांग म्हणजे पाण्याची खोली किंवा तळ. ज्याचा तळ लागत नाही ते अथांग. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." अशी वाक्ये आपण शेताच्या बांधावर बसूनही बोलतो.

आणि काही शब्द तर समुद्रावरूनच आपल्या घरात आले. पोर्तुगीज लोक जहाजांतून आपल्या किनाऱ्याला आले. त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही आले. चावी, पगार, पाव, बटाटा हे शब्द त्यांच्या भाषेतून आपल्याकडे आले. आज ते कोणाला परके वाटतात का? म्हणजे नवा शब्दही वापरता वापरता घरचा होतो.

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून जास्त लांब समुद्रकिनारा आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोळी बांधव समुद्रावर जगतात. होडीचा म्होरक्या तो तांडेल. त्याच्या हाताखाली काम करणारे खलाशी. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो आणि माशांची वीण होते. त्या दोन महिन्यांत सरकार यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी घालते. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात. शेतकऱ्याचा जसा बैलपोळा, तशी कोळ्यांची नारळी पौर्णिमा. हे सगळे मावशी सांगत आणि वर्ग ऐके. एरवी त्या फारशा बोलत नसत. पण या गोष्टीत त्या आमच्या गुरुजी झाल्या. ज्याचा जो धंदा, त्याचे शब्द त्याला विचारावेत. त्याच्याइतका चांगला शब्दकोश नाही.

छापील शब्दकोशही असतात. मोल्सवर्थ या इंग्रज गृहस्थाने पंडितांच्या मदतीने मराठीचा मोठा कोश केला. तो १८३१ साली निघाला. दाते आणि कर्वे यांनी केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' पुण्यात १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. मोठ्या वाचनालयात असे कोश असतात. कोशात शब्द बाराखडीच्या क्रमाने लावलेले असतात. बाराखडी पाठ असली, की कोणताही शब्द काढता येतो.

शब्दांची वही

आमच्या वर्गात प्रत्येकाने एक वही केली. तुम्हीही करा. शाळेची साधी वही पुरे. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात अडलेला शब्द लिहा. दुसऱ्यात तो कोठे भेटला ते लिहा. तिसऱ्यात त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य लिहा. नुसता अर्थ पाठ केला, तर चार दिवसांत विसरतो. वाक्य केले, की शब्द आपला होतो. रोज दोन शब्द पुरेत. महिन्याला साठ झाले.

मामांच्या वहीत पहिला शब्द होता नांगर. त्यांनी वाक्य लिहिले होते: "माझा नांगर घरी आहे, बैल नाहीत."

गोष्टीचा शेवट झाला त्या रात्री वर्ग बराच वेळ बसून होता. एक जण म्हणाला, "एवढं करून म्हाताऱ्याच्या हाती काय आलं? सांगाडा." मामा म्हणाले, "पोरगं आलं की परत." गोष्टीत तसेच आहे. म्हाताऱ्याचे कापलेले हात पाहून मानोलिन रडतो, आणि "आता मी तुझ्याबरोबरच येणार," असे म्हणतो.

त्यानंतर काही महिन्यांनी मामांचा पुतण्या एक कागद घेऊन आला. मामांनी चष्मा लावला आणि कागद सावकाश वाचला. आपल्या नावाशी आले, तेव्हा बोट ठेवून थांबले. संध्याकाळी तो कागद घेऊन वर्गात आले. म्हणाले, "गुर्जी, हितं जामीनदार लिवलंय. ह्यो शब्द गोष्टीतला न्हाई. अंदाज करायचा न्हाई."

त्यांनी त्या कागदावर सही केली नाही. पुतण्याला मदत म्हणून आपल्या पगारातून जमतील तेवढे पैसे दिले. पुतण्या दोन दिवस रुसला, मग बोलू लागला.

सराव

१. पुढील शब्दांचे दोन-दोन अर्थ सांगा: नांगर, कोळी, गळ, जामीन.

२. "पाऊस थांबला, तेव्हा त्याने इरले काढून खुंटीला टांगले." इरले म्हणजे काय? कोणत्या शब्दांवरून तुम्ही ओळखले?

३. साक्षीदार आणि जामीनदार यांत फरक काय? शेजाऱ्याला समजावून सांगा.

४. तुमच्या धंद्यातले पाच शब्द लिहा. ते ठाऊक नसलेल्या माणसाला त्यांचा अर्थ सांगा.